गॅस्केटवाला आणि खोबरेलाची बाटली

माझ्या माहेरी तेल म्हणजे शेंगदाण्याचं. खोबरेल फक्त डोक्याला, तेही रविवारी. त्यामुळे कोकणातल्या माणसांचा खोबरेलावर जो विश्वास असतो त्याची मला आधी गंमत वाटायची, मग त्याने माझी झोप उडवली, आणि आता विषय निघाला की माझं मलाच हसू येतं. माझ्या सासूबाई रत्नागिरीकडच्या. कल्याणला येऊन त्यांना चाळीसेक वर्षं झाली, पण तेल अजून गावच्या घाण्याचंच. भाजलं, कापलं, गुडघा धरला, दार करकरलं, सगळ्याला एकच उपाय. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा लग्न ठरलेलंही नव्हतं. त्यांनी माझा पगार विचारला नाही, पहिलं लग्न का मोडलं तेही विचारलं नाही. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, "अगो, किती कोरडे हे केस! थांब." निघताना माझ्या हातात एक बाटली होती. ती माझ्या कळव्याच्या घरी पलंगाशेजारच्या स्टुलावर येऊन बसली आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

त्यांचा मुलगा मला शेअर रिक्षात भेटला. मी बँकेत, कोलशेतच्या शाखेत. तो कोलशेतलाच एका लहानशा कारखान्यात. तिथे रबराची गॅस्केटं बनतात, म्हणजे यंत्राच्या जोडातून तेल-पाणी गळू नये म्हणून मध्ये बसवायच्या चकत्या. ठाणे स्टेशनवरून आम्ही बरेचदा एकाच रिक्षात यायचो, पण ओळख नव्हती. एकदा रिक्षा खड्ड्यात आदळली, त्याच्या पिशवीचा बंद सुटला आणि काळ्या चकत्या माझ्या मांडीवर, पायात, पर्समध्ये.

"ही घाण तुमची का?" मी विचारलं.

"घाण नाही हो, सॅम्पल आहेत," तो म्हणाला, आणि माफी मागायच्या आधी एकेक चकती उजेडात धरून बघायला लागला. अशा माणसाच्या प्रेमात पडायचं म्हणजे जरा कठीणच, पण पडले खरी. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझा घटस्फोट झाल्यालाही सहा-सात वर्षं झाली होती. दोघंही चाळिशी ओलांडलेली.

त्याला एक गोष्ट सुरुवातीपासून खटकायची. मी कुणाला माझं उष्टं देत नसे. त्याने माझ्या कपातला चहा घ्यायला हात पुढे केला की मी कप ओढून घ्यायचे. "तुझं फार सोवळं गं," तो चिडवायचा. त्याच्या आईला ते कळलं तेव्हा त्या माझ्यावर आणखी खूश झाल्या.

सोवळं वगैरे काही नव्हतं. माझा आधीचा नवरा बाहेर कुठे कुठे जायचा हे मला फार उशिरा कळलं. मी घर सोडलं, कागदावर सह्या झाल्या, पण डोक्यात एक किडा राहून गेला. त्याने बाहेरून काही आणलं असेल तर? ते माझ्या अंगात असेल तर? मला त्रास कसलाच नव्हता. उष्ट्याने असे आजार पसरत नाहीत हे मी शाळेपासून वाचत आले होते. तरी माझा ग्लास वेगळा, टॉवेल वेगळा, आणि डोंबिवलीला बहिणीकडे गेले की भाची "मावशी, तुझ्यातला एक घास" म्हणत आली की मी तिला नवीन ताटली वाढून द्यायचे. ती हिरमुसायची. मला स्वतःची शरम वाटायची, पण हात पुढे होत नसे. रक्ताची एक तपासणी केली असती तर सगळं मिटलं असतं. ती मात्र मी केली नाही.

म्हणून जवळ यायची वेळ आली तेव्हा मी पहिल्यांदा सांगितलं, कंडोमशिवाय नाही. त्याला वाटलं मी दिवस राहायला घाबरते. मी त्याचा गैरसमज तसाच राहू दिला. कंडोम आहे ना, मग सावकाश सांगू, असं मनाशी ठरवून टाकलं.

आता ते आणायचं कुणी? चाळिशीत लाजायचं वय गेलं असं आपल्याला वाटतं, पण औषधाच्या दुकानासमोर ते परत येतं. कल्याणला सगळे दुकानदार त्याच्या आईला ओळखतात. ठाण्यात त्याच्या कारखान्यातली माणसं, कळव्यात माझे शेजारी. म्हणून साहेब मुद्दाम डोंबिवलीला उतरले. दुकानात शिरले तर काउंटरला आईची भिशीतली मैत्रीण गुडघ्याचा पट्टा घालून बघत होती. खोकल्याचं औषध घेऊन परत आले. ती बाटली अजून आमच्याकडे आहे, खोकला कुणालाच नव्हता.

पुढच्या खेपेला मात्र त्याने पाकीट आणलं आणि माझा वर्गच घेतला. "तारीख बघ. आता हे दाब, आत हवा लागते का? हवा आहे म्हणजे सील शाबूत. खिशात घेऊन फिरायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, दाताने फोडायचं नाही."

"ट्रेनिंग संपलं की चहा मिळतो का?" मी विचारलं.

तो दुसरा शनिवार होता, भर दुपारची वेळ, खाली भंगारवाला ओरडत होता. इतक्या वर्षांनी अंग काही लगेच ऐकत नाही, घाबरून आवळून बसतं. त्याच्या ते लक्षात आलं आणि तो थांबला. मग त्याला स्टुलावरची बाटली दिसली. "आईचं तेल आहे. चांगलं असतं," तो म्हणाला. इतक्या मायेने म्हणाला की मलाही ते पटलं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "फाटलं गं."

दुसरा कुणी असता तर घाबरला असता, निदान ओशाळला असता. याने चष्मा लावला, खिडकीपाशी गेला आणि ती फाटकी वस्तू उजेडात धरून फिरवून फिरवून बघायला लागला. "मालात दोष वाटत नाही. तारीखही पुढची आहे. मग असं फाटावं का?" त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. मी मात्र पदर... नाही, पदर कसला, चादर सावरत त्याच्याकडे बघत राहिले.

"घाबरू नकोस," तो म्हणाला, "ती गोळी मिळते ना, लवकर घेतलेली बरी. आणतो. आता इथेच कळव्यातून आणतो, लाज गेली खड्ड्यात." आणि खरंच माझ्या बिल्डिंगखालच्या दुकानातून, आमच्या सेक्रेटरींच्या देखत घेऊन आला.

मी गोळी घेतली. मग मला राहवेना.

"अरे, मला मूल होण्याची भीती नव्हती. मला माझीच भीती होती, तुझ्यासाठी." आणि आधीच्या नवऱ्याचं सगळं सांगून टाकलं.

"तू टेस्ट केलेलीस?"

"नाही."

"का पण?"

"केली असती तर कळलं असतं ना."

त्याने स्टुलावरच्या बाटलीचं झाकण उगाच घट्ट लावलं, म्हणाला, "आई वाट बघत असेल, निघतो," आणि गेला. मला वाटलं, संपलं. मी त्याच्यावर चिडले, आधीच्या नवऱ्यावर चिडले, त्या तेलावर तर इतकी चिडले की बाटली उचलून मोरीत ओतायला निघाले होते. रडले पुष्कळ. माझ्यामुळे एका भल्या माणसाच्या अंगात काही गेलं असेल हा विचारच सहन होत नव्हता. संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "सोमवारी रजा टाक. नौपाड्यात एका लेडी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. उपाशी यायची गरज नाही, विचारून घेतलं." मी तो मेसेज परत परत वाचला. त्यात प्रेम कुठे सापडेना, सापडला तो फक्त नाश्ता.

डॉक्टर साठीच्या, आवाज खणखणीत. दवाखान्याच्या बाहेर तीन पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा, मधोमध आम्ही. आत गेल्यावर मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"लवकर आलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "बरेच लोक महिनाभर काळजी करत बसतात आणि मग येतात. कंडोम भरवशाची गोष्ट आहे, नीट वापरलं तर सहसा फाटत नाही. तुमचं का फाटलं? बरोबर काही लावलं होतं का? क्रीम, तेल?"

"खोबरेल," तो म्हणाला. "आईचं..." आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं?" डॉक्टर घाबरल्या.

"मॅडम, मी रबराच्या कंपनीत क्वालिटीला आहे."

"बरं, मग?"

"माझं कामच ते आहे. रबराचा तुकडा तेलात टाकायचा आणि फुगतो का, मऊ पडतो का बघायचं. साधं रबर, कंडोमचं असतं तसलं, तेलात टिकत नाही. रोज टाकतो, मॅडम. रोज!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरच्या सासवांना ऐकू गेलं असेल. मलाही हसू फुटलं. शनिवारपासून पहिल्यांदा मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. डॉक्टरांनी मला पाणी दिलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "तेल, व्हॅसलीन, लोणी, काही लावायचं नाही. पाण्यात मिसळणारं जेल मिळतं, ते घ्या. आणि तुमचं ते लग्न मोडून इतकी वर्षं झाली, मध्ये दुसऱ्या कुणाशी संबंध नाही, म्हणजे आज रक्तात जे दिसेल ते पक्कं. थांबून परत तपासायची गरज नाही. त्रास होत नाही म्हणून काही नसेलच असं नाही, म्हणून तपासायचं. पण सापडलंच काही, तर आज त्यावर औषधं आहेत. आणि उष्टं, ग्लास, टॉवेल हे सगळं डोक्यातून काढून टाका. त्याने काही होत नाही." मग त्याच्याकडे वळून, "तुमचंही रक्त द्या. संकोच कसला?"

रिपोर्ट चांगले आले. काही त्याच दिवशी, काही दोन दिवसांनी, दोघांचेही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे. ती बाटली आता स्वयंपाकघरात असते. सासूबाई अधूनमधून विचारतात, "तेल अजून संपलं कसं नाही गो?" आणि त्यांचा मुलगा ताटात बघत जेवत राहतो.

तर पहिले रिपोर्ट यायला वेळ होता, म्हणून आम्ही खालच्या उपाहारगृहात जाऊन बसलो. साबुदाणा वडा आणि कोकम सरबत मागवलं. शनिवारी गेला तो गेलाच कसा, हे मी विचारलं. "मग काय करणार?" तो म्हणाला. "मला काय बोलायचं ते सुचेना. घरी जाऊन डॉक्टर शोधत बसलो. आईला विचारायची सोय नाही, ती म्हणाली असती खोबरेल लाव."

मी अर्धं सरबत पिऊन ग्लास सवयीप्रमाणे माझ्या बाजूला, भिंतीकडे सरकवून ठेवला. तो रबर आणि तेलाबद्दल अजून काहीतरी सांगत होता, स्वतःला शिव्या देत होता. बोलता बोलता त्याने हात लांब करून माझा ग्लास उचलला आणि तोंडाला लावला.

"अरे, ते उष्टं आहे माझं!" मी एवढ्याने ओरडले की वेटर वळून बघायला लागला.

"मग?"

"रिपोर्ट यायचाय अजून."

"येऊ दे की," तो म्हणाला. "तुझ्यात मीठ जास्त पडलंय बघ." आणि परत प्यायला.

तेवढ्यात माझा फोन वाजला, रिपोर्ट तयार असल्याचा. त्याने ग्लास खाली ठेवला. तळाशी थोडं लाल सरबत उरलं होतं. मी फोन उघडलाच नाही. आधी तो ग्लास उचलला आणि त्याचं उष्टं पिऊन टाकलं.