विंग्रजाचा गळा

विंग्रजाला गोड गळ्याचा माणूस सहन व्हायचा नाही. कुणी डोळे मिटून, मान वेळावत, साखरेत घोळल्यासारखं गायला लागलं की हा उठून बाहेर जायचा आणि आतल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "गोड गायला कोकिळा हाय की. मानसानं मानसावानी गावं." स्वतः गायला लागला की त्याच्या गळ्याच्या शिरा करंगळीएवढ्या फुगायच्या, डोळे लाल व्हायचे आणि समोर बसलेल्याला वाटायचं, आता हा आपल्या अंगावर येतो.

खरं नाव अशोक. दौंडला रुळांपलीकडे आमची वस्ती होती. तिथल्या विहारात रविवारी दुपारी आमची गायनपार्टी तालमीला बसायची. मी नुकतीच प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि पार्टीत बाईच्या आवाजातली सगळी गाणी माझ्याकडे होती. विंग्रज कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. मॅट्रिकला तो इंग्रजीतच नापास झालेला. तरी नाव पडलं विंग्रज, कारण त्याच्या टेपवर सदा परदेशातली रॉकची गाणी लागलेली असायची.

ती गाणी त्याच्याकडे आली रेल्वे क्वार्टरमधून. गोव्याकडचा एक गार्ड निवृत्त होऊन गावी निघाला. विंग्रजाने त्याचं सामान गाडीत चढवून दिलं, तेव्हा कॅसेटांनी भरलेलं एक खोकं त्याने याच्या हाती ठेवलं आणि म्हणाला, "हे ऐकायला इथे दुसरं कोण आहे?" बऱ्याच कॅसेटांवरची कागदं फाटून गेली होती. गायकांची नावं कळायला मार्ग नव्हता आणि विंग्रजाला त्याची गरजही वाटली नाही. त्याने त्यांची आपली बारशी केली. एक लोहार, एक वकील, एक पाद्री. आज फोनवर शोधलं तर ते कोण होते ते मला घटकाभरात कळेल. मी शोधत नाही. आमच्या वस्तीत ते याच नावांनी राहिले.

लोहार म्हणजे तापलेल्या लोखंडावर घण पडावा तसा आवाज. त्याचं एक गाणं हजारो लोकांसमोर गायलेलं होतं. शेवटी तो एक सूर असा वर नेऊन धरायचा की आरडाओरडा करणारी ती सगळी गर्दी आधी हळूहळू गप्प व्हायची आणि मग एकदम फुटायची. विंग्रज ती जागा आली की हात वर करायचा. "गप. आता बघ. दम त्याचा चाललाय, पर आपलाच अडकलाय." पाद्री सुरुवातीला प्रार्थना म्हटल्यासारखा गायचा आणि गाणं संपेपर्यंत त्याचं देवाशीच भांडण लागलेलं असायचं. एका गाण्यात शेवटच्या कडव्याला त्याचा आवाज सरळ चिरकतो. मी म्हटलं, "इथं चुकलाय तो." विंग्रज माझ्याकडे असा पाहत राहिला, की जणू मीच काही वेडंवाकडं बोलले. "चुकला आसता तर पुन्ना गायला नसता व्हय? पैशाला काय कमी हाय त्यांला? ठिवलाय तसाच. मानूस फाटतो गं सुनंदे. गान्यात नगं का दिसाया?"

पण त्याचा लाडका होता वकील. वकील ओरडायचाच नाही. खालच्या आवाजात, एकाच पट्टीत, समोरच्याची उलटतपासणी घेतल्यासारखा ओळीमागून ओळ म्हणत जायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, याला गाता येत नाही की काय. आणि मग एकाच शब्दावर तो सगळा गळा उघडायचा. एकच शब्द. पुढे पुन्हा खाली. शब्दाचा अर्थ विंग्रजाला माहीत नव्हता. मला माहीत होता, मी सांगायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. कुनीतरी त्याचं कायतरी हिसकलंय, एवढं मला कळतंय. राग दाबून दाबून धरलाय गड्यानं. दाबलेला राग लई जड आस्तो."

हे सगळं त्याने आमच्या गाण्यांत आणलं. पार्टीत सखाराम आबा पेटीला असायचे, तेच गाणी रचायचे. गावच्या विहिरीवरचं त्यांचं एक गाणं होतं. त्यात ओळ होती, 'पाणी माझं, तहान माझी, पहारा का तुझा?' आबांनी ती भजनाच्या चालीवर बसवली होती, आणि आम्ही ती वर्षानुवर्षं टाळ्या वाजवत म्हणत होतो. विंग्रजाने एका तालमीला ती वकिलासारखी म्हटली. अगदी खाली, टाळी नाही, पेटी नाही. 'तुझा' हा शब्द प्रत्येक वेळी गिळून टाकल्यासारखा. आणि शेवटच्या फेरीला त्या एका शब्दावर त्याने जो गळा उघडला, त्याने विहाराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आबा पेटीचा भाता धरून तसेच बसले. मग म्हणाले, "ह्ये गानं हाय का भांडान?"

"आबा, आपलं गानं भांडनाबिगर कवा झालंया?"

आबांनी चाल बदलली. त्या वर्षी जयंतीला दौंडच्या चौकात भर दुपारी तो ते गाणं म्हणाला, तेव्हा बंदोबस्ताला उभे असलेले पोलीससुद्धा नाचणाऱ्यांकडे पाहायचं सोडून त्याच्याकडे पाहत होते. खेड्यातून आलेल्या एक म्हाताऱ्या आजी गाणं संपल्यावर स्टेजपाशी आल्या. त्याच्या गळ्यावरून त्यांनी हात फिरवला आणि निघून गेल्या. इतकं मोठं बक्षीस आमच्या पार्टीत दुसऱ्या कुणाला मिळालं नाही.

तोच गळा कुरकुंभच्या त्या कंपनीने घेतला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तिने नंतर पाटी बदलली, मालकही बदलले म्हणतात. कारखाना तिथेच उभा आहे.

सकाळची पाळी होती. पाइपाचा एक जोड सुटला आणि शेडमध्ये गॅस पसरला. सगळे बाहेर पळाले. बाहेर आल्यावर विंग्रजाने पाहिलं, रामधनी नाही. रामधनी हा बिहारहून आलेला, त्याच्याच टोळीतला कामगार. तोंडाला लावायचे मास्क कंपनीत होते. चांगले, नवेकोरे होते. काचेच्या कपाटात मांडून ठेवलेले, तपासणीला कुणी आलं की दिसावेत म्हणून. कपाटाला कुलूप होतं. विंग्रजाने ओला टॉवेल तोंडाला बांधला आणि आत गेला. रामधनी जिन्याखाली पडला होता. त्याला ओढताना टॉवेल सुटला. तरी तो ओढत राहिला आणि, हे मला दुसऱ्या कामगारांनी सांगितलं, आतून ओरडत राहिला, "हितं हाय, हितं हाय," बाहेरच्यांना गॅसच्या धुरात दिशा कळावी म्हणून. एवढा मोठा आवाज होता म्हणून दोघं सापडले. आणि ओरडण्यासाठी त्याने जो जो श्वास घेतला, त्या प्रत्येक श्वासाबरोबर ते विष त्याच्या आत गेलं.

रामधनी आठवड्याभरात उठून बसला. विंग्रजाचा आवाज परत आला नाही. घशातून नुसती हवा यायची, वाळक्या पाल्यावरून कुणी चालल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, आतून भाजलं आहे. छातीलाही धक्का आहे.

ठेकेदार घरी आला. तो याच भागातला, आमच्यातल्या निम्म्या लोकांना नावाने ओळखणारा. फळांची पिशवी खाली ठेवून खुर्चीवर बसला आणि विंग्रजाच्या बायकोला, कमलवहिनीला म्हणाला, "वैनी, गॅसनं आसं काय हुत न्हाई. ह्यो धा वर्सं भोंग्यावानी वरडतोय स्टेजवर. ती विंग्रजी गानी. घसा ऱ्हानार हाय व्हय?" विंग्रज कॉटवर उठून बसला. ओठ हलले, मान लाल झाली, शिरा फुगल्या आणि काहीही बाहेर आलं नाही. ठेकेदार हसला. त्या हसण्याची मला आजही चीड येते. इतकी वर्षं झाली, मी आता आजी झाले, पण ते हसणं आठवलं की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं. कमलवहिनीने फळांची पिशवी उचलली आणि ठेकेदाराच्या देखत उकिरड्यावर रिकामी केली.

चौकशी लागली. त्याआधीच कंपनीने रामधनीला सुट्टी देऊन गावी पाठवून दिलं होतं. ज्याला वाचवला तोच साक्षीला नाही. चौकशीचे साहेब कंपनीच्याच हॉलमध्ये, कंपनीचाच चहा घेत बसले होते. मी विंग्रजाबरोबर गेले होते. साहेब म्हणाले, "बोला." तो बोलला. "मोठ्याने बोला." तो पुन्हा बोलला. साहेबांनी शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "लिहा, कामगाराचे काही म्हणणे नाही."

मी उठले. विंग्रज माझ्या कानाशी बोलायला लागला आणि मी ते जसंच्या तसं, त्याच्याच भाषेत, म्हणायला लागले. "मास्क कपाटात व्हते. कपाटाला कुलूप व्हतं. किल्ली कंपनीच्या साहेबाच्या खिशात व्हती. आन् साहेब पुन्याला व्हता."

"बाई, तुम्ही कोण? कामगार आहात का?"

"नाही. मी यांच्याबरोबर गाते."

"इथे गाणं चाललेलं नाही. बसा."

विंग्रजाने माझं मनगट धरलं आणि कानात एकच शब्द सांगितला, "पुन्ना." मी पुन्हा म्हटलं. या वेळी पोटातून, असा आवाज लावून की फाटकाबाहेर जमलेल्या आमच्या वस्तीतल्या पोरांना ऐकू जावं. त्यांना ऐकू गेलं. बाहेर गलका उठला आणि साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

निकालात शेवटी हेच आलं की अतिगायनामुळे आवाजावर ताण पडलेला आहे. अतिगायन! माणूस माणसाला मरणातून ओढून आणताना ओरडला, त्याला या लोकांनी अतिगायन म्हटलं. फाटकावरच्या पोरांनी त्या कपाटाचं कुलूप मात्र तोडलं, आणि ते पुन्हा लावायची कुणाची हिंमत झाली नाही. एवढीच काय ती जीत. विंग्रजाचा गेटपास बंद झाला.

मग तो कमलवहिनीच्या माहेरी, शिरूरला राहायला गेला. एसटी स्टँडजवळ टपरी टाकली. टेप दुरुस्त करायचा, कॅसेटा विकायचा, पुढे सीड्या. आणि दर रविवारी तिथल्या विहारात गाणं शिकवायचा. आवाज नसलेला माणूस गाणं काय शिकवणार, असं लोक म्हणायचे. मी एकदा पाहायला गेले. एक पोरगी जयंतीचं गाणं म्हणत होती, सुरेल आणि अगदी मिळमिळीत. त्याने तिला थांबवलं. तिच्याजवळ वाकून त्या फाटक्या हवेत म्हणाला, "पयलं ठरव, कुनावर रागावलीस. मग गा." पोरगी विचारात पडली. मग तिने पुन्हा सुरुवात केली आणि मी भिंतीला टेकून उभी होते ती सरळ झाले. कुणावर रागावली होती कोण जाणे.

मला परतताना तो स्टँडपर्यंत सोडायला आला. चालताना मध्येमध्ये थांबत होता, छाती धरत होता. मी म्हटलं, "दादा, एवढा राग धरून जीव खातोस स्वतःचा. सोड की आता."

"सोडतो," तो म्हणाला. "ते म्हनतील, चुकलो. तवा सोडतो."

ते कुणीही म्हणालं नाही. काही वर्षांनी छातीनेच तो गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

पुण्यानुमोदनाला शिरूरच्या विहारात खूप माणसं आली. त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुली आल्या, दौंडची आमची मोडकी पार्टी आली. आणि ठेकेदारही आला. आता त्याच्या मागे दोन पोरं चालत होती, गळ्यात साखळी होती, तालुक्यात वजन होतं. त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं गेलं, आणि थोड्या वेळाने सूत्रसंचालकाने त्याचं नाव पुकारलं. तो माइकपाशी गेला, हात जोडले आणि म्हणाला, "अशोकराव आमच्या कुटुंबातलेच. शांत मानूस. कवा कुनाबद्दल तक्रार न्हाई..."

मी उठायला लागले, पण माझ्याआधी मागच्या रांगेतून एक माणूस उठला. कंपनीचा निळा शर्ट, केस पिकलेले. रामधनी होता. गावाहून परतल्यावर तो त्याच कंपनीत पुन्हा लागला होता, आणि इतकी वर्षं तोंड मिटून राबत होता. मी त्याला कधी क्षमा केली नव्हती.

"आप बैठ जाइए, ठेकेदार साहब," तो म्हणाला. "आज हम बोलेंगे."

ठेकेदार म्हणाला, "अरे तू कोन? कुनाला बोलतुयास?"

"जिसको गैस में से निकाला था, वो हैं हम."

ठेकेदाराने इकडेतिकडे पाहिलं. खाली बसलेली एक बाई त्याच्याकडे रोखून बघत होती, तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची. तो बसला. मग सगळ्यांदेखत उठून चपला शोधत बाहेर गेला.

रामधनी माइकवर आला. त्याला भाषण येत नव्हतं. जिना कुठे होता, तो कसा पडला, कुलूप कसं होतं, त्याला कुणी गाडीत बसवलं आणि काय धमकी देऊन गावी पाठवलं, हे त्याने मोडक्या मराठीत आणि हिंदीत, थांबत थांबत, सगळं सांगितलं. बारीकसारीक काही सोडलं नाही. मध्येच त्याला रडू आलं, तेव्हा कमलवहिनी त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "रडू नगंस. बोल." तो बोलला.

बोलून झाल्यावर त्याने विचारलं, कुरकुंभला जायला चौफुल्याची गाडी कधी आहे, त्याला दुपारची पाळी गाठायची होती. मी त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. गाडी लागली, तो चढला आणि खिडकीतून म्हणाला, "दीदी, बहुत देर कर दी हमने."

"हो," मी म्हटलं. "लई उशीर केलास."