शाळेच्या रजिस्टरातली चंद्रभागा

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल तेच खरं मानणारी. अंगात येणं, बाधा वगैरे ऐकलं की मला हसूच यायचं... गेल्या उन्हाळ्यापर्यंत.

आम्ही वर्ध्याला नालवाडीत राहतो. घरी मी, मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. हे नोकरीनिमित्त चंद्रपूरला असतात. मुलीच्या जात पडताळणीसाठी वंशावळ आणि जुने पुरावे हवे होते, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं.

सेलूजवळच्या आमच्या मूळ गावच्या शाळेत जुनं दाखल-खारीज रजिस्टर सापडलं. त्यात मामाजींच्या वडिलांचं नाव होतं – श्रावण. आणि लगेच खालच्या ओळीत, चंद्रभागा. दोघांच्या वडिलांचं नाव एकच, तिचं वय सहा. शाळा सोडल्याचं कारण – ‘लापता’.

घरी येऊन मामाजींना फोटो दाखवला.

“माह्या बापाले बहीण नोती,” ते म्हणाले. “कोनी दुसरं असन.”

तरी मी कच्च्या वंशावळीत पेन्सिलने तिचं नाव लिहिलं.

पुढच्या रविवारची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. मुलगी क्लासला गेली होती, मामाजी समोरच्या खोलीत दिवाणावर झोपले होते. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. तेवढ्यात आवाज आला. लहान मुलीचा, रडवेला –

“सरावनदादा... मी हरली ना. झाकन काढ. अंदर लय गरमून राह्यलं...”

टीव्ही बंद होता. मी बाहेर आले. आवाज मामाजींच्या तोंडून येत होता! शहात्तर वर्षांचा माणूस, एरवी घोगरा बोलणारा... डोळे मिटलेले, दोन्ही हात वर, हवेत काहीतरी ढकलत होते. ओठ निळे पडत चालले होते. मी दिवाणाकडे धावले. कसंबसं त्यांना धरून बसवलं, तेव्हा त्यांनी मोठ्याने श्वास घेतला.

“काय झालं वो?” त्यांनी मलाच विचारलं. त्यांना काही आठवत नव्हतं. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. नखांत काळी माती आणि भुसा. मामाजी तर आठवडाभर घराबाहेर पडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो भुसा मी लॅबमध्ये पाहिला. ज्वारीचा होता. काय ऐकलं ते मी कोणालाच सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. फक्त “जुन्या घराची जागा बघून येऊ” म्हणून मामाजींना गावी घेऊन गेले.

तिथे आता मोकळं पटांगण आहे. शेजारच्या घरातले म्हातारे बाबा बाहेर आले. मी विचारलं, “इथं आधी काय होतं?”

“पेव होतं न बाई. ज्वारी ठेवाचा खड्डा, वरून दगडाचं झाकन. मंग ते बुजवून टाकलं.” त्यांनी पटांगणाकडे बोट दाखवलं. “आता नळाची लाइन टाकाले खोदलं, तवा ल्हान पोराची हाडं निंगाली. कोनाची, कोनाले मालूम? आमी माती देल्ली.”

मला रजिस्टरातली ती ओळ आठवली. सहा वर्षांची पोर खेळताना आत लपली, भावाने वरून झाकण लावलं... आणि तो घाबरून जन्मभर गप्प राहिला?

मागे वळले, तर मामाजी पटांगणात येऊन उकिडवे बसून जमिनीवर हात फिरवत होते. एखाद्या लेकराशी बोलावं तसं हळूच म्हणाले, “आत्या, खेळ सरला. झाकन काहाडलं पाह्य. निंग आता बाहेर.”

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. झाकणाचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. म्हातारे बाबा बोलले तेव्हा मामाजी पार रस्त्यापलीकडे गाडीजवळ उभे होते, आणि त्यांना कमी ऐकू येतं.

परतताना गाडीत मी विचारलं, “मामाजी, तिथं कोणाशी बोलत होता?”

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. “मी? मी तं गाडीतून उतरलोच नाई, बाई.”

त्यांच्या चपलांना काळी माती लागलेली होती. मी पुढे काही विचारलं नाही. आजही माझी हिंमत होत नाही.