मागल्या दाराची सून

बहरीनमधली ती वर्षं आठवायला लागले की मला आधी एक रंग आठवतो. शुक्रवारच्या संध्याकाळचा, धुळीतून गाळून आलेला दुधाळ पिवळा रंग. समुद्र आणि आकाश यांच्यामधली रेघ पुसून गेलेली असायची, आणि सौदीकडे जाणाऱ्या लांबलचक पुलावरून आमची गाडी कुठेच जायचं नसल्यासारखी संथ चालायची. पुलाच्या मधोमध एक बेट आहे. तिथे उतरायचं, कागदी कपातला करक, म्हणजे तिकडचा दाट दुधाचा कडक चहा घ्यायचा आणि कठड्याला टेकून पाणी बघत राहायचं. त्यापुढे पासपोर्टच्या खिडक्या होत्या आणि खिडक्यांच्या अलीकडे परत फिरायला एक वळण होतं. दर शुक्रवारी माझा नवरा ते वळण घ्यायचा. त्याला तिथपर्यंतच जाता यायचं.

लग्नाआधी त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान होतं, एका मित्राबरोबर भागीत. मित्र सुट्टीवर म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही. दुकानासाठी काढलेल्या कर्जावर सही माझ्या नवऱ्याची होती. हप्ते थकले, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच्यावर ट्रॅव्हल बॅन बसला. कर्ज फिटेपर्यंत देश सोडायचा नाही. हे सगळं त्याने आमच्या दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं, गुदैबियातल्या एका खानावळीत, ताटातली सुरमई थंड होईपर्यंत. मी अदलियातल्या एका छोट्या ऑफिसात अकाउंटंट होते. क्रेडिट कार्डाचं बिल मुदतीआधी भरणारी, आणि त्याचा वर तोरा मिरवणारी. कुणीही शहाणी मुलगी उठून गेली असती. मी म्हटलं, "आधी मासा खा."

लग्न मनामातल्या देवळात झालं. माझे आईबाबा व्हिजिट व्हिसावर आले. त्याची आई सिंधुदुर्गात, गावी. गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपणारा नव्हता. मुलगा का येत नाही, याचं तिला दिलेलं उत्तर एकच होतं, रजा मिळत नाही.

मैत्रिणींनी मला घाबरवलं होतं की आता त्याचं सगळं तुझ्या नावाला चिकटणार. मी सरळ बँकेत जाऊन विचारून आले. तसं काही नसतं. लग्न झालं तरी दोघांचे कर्जाचे इतिहास दोनच राहतात. फक्त जोडीने काही मागायला गेलात की बँक दोन्ही उघडून बघते. आम्ही जोडीने मागितलं की नकार यायचा. मी एकटी गेले की खुर्ची, पाणी, गोड हसू. मग काय, घराचा करार माझ्या नावावर, गाडी माझ्या नावावर, वीज, इंटरनेट, त्याच्या खिशातला फोनसुद्धा माझ्याच नावावर. गाडी तो पळवायचा आणि दंडाचा मेसेज मला यायचा. आमच्या इमारतीचा वॉचमन त्याला "मॅडम का हजबंड" म्हणायचा. त्यावर तो मोठ्याने हसायचा, जरा जास्तच मोठ्याने. मला ते हसणं ऐकवत नसे.

पहिल्या सुट्टीत मी एकटीच सासरी गेले. घरापुढच्या खळ्यात उभी राहून निऱ्या सारख्या करत होते. उंबऱ्यावर तांदळाचं माप असेल, ओवाळतील, मी उजव्या पायाने माप लवंडून आत जाईन, असं चित्र विमानातच रंगवून झालं होतं. सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी कितीतरी वेळ बघितलं.

मग म्हणाल्या, "गो बाय, ह्या दारान येव नको. ह्या दार तुमका दोघांका. माजो झील येतलो तेव्हा. आता तू मागल्या दारान ये."

मला असा राग आला! बॅग ओढत, माडांच्या आळ्यांना वळसा घालत, न्हाणीच्या कडेने मी थेट स्वयंपाकघरात शिरले. जेवायला वाढताना त्यांनी सांगितलं की सुनेचं माप भरून ठेवलंय, पण ते एकटीने लवंडायचं नाही. राग काही गेला नाही. कढी मात्र दोनदा मागून घेतली.

पुढे दर सुट्टीत तेच. माडांखालची ती वाट माझ्या पायांना पाठ झाली. वाडीतल्या बायका "इली गो मागल्या दाराची सून" म्हणून चिडवायच्या आणि मीही त्यांना वाकुल्या दाखवायचे. बहरीनला परतल्यावर अर्धवट झोपेत कधीकधी मला ती वाट आणि तो पूल एकच वाटायचे. दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे ओल्या मातीचा वास, आणि पुढचं दार बंद.

उपाय माझ्या हातात होता. माझ्या नावावर कर्ज काढायचं, त्याचं फेडून टाकायचं, खलास. कर्ज विभागातली बाई तर पेन पुढे करूनच बसली होती. नवरा ऐकेना.

"उद्या तुझी नोकरी गेली तर? हप्ता चुकला तर? तुझ्यावरही बॅन बसला की दोघंही बहरीनच्या ह्याच बेटावर अडकलो. तुझ्या आईला काही झालं, माझ्या आईला काही झालं, तर जाणार कोण?" आणि मग हळूच, त्याच्या गावच्या बोलीत, "एकाक तरी जावक मिळाक होया गो."

"मग हे स्वच्छ नाव काय मी लोणच्यासारखं मुरत घालू?" मी ओरडले. आमचा अबोला बरेच दिवस चालला. कोर्टाने ठरवून दिलेलं तो भरत राहिला, आणि कर्ज मुंगीच्या पावलांनी फिटत राहिलं.

मग एका सुट्टीत मी खळ्यात पोचले तर सासूबाई बाहेर आल्याच नाहीत. पुढचं दार लावलेलं. आतून बारीक आवाज आला, "मागल्या दारान ये गो." त्या खाटेवर होत्या. हाताची नुसती काडी झालेली. मी जवळ बसले तर मलाच धीर देत म्हणाल्या, "माप भरलेला आसा हां. नवे तांदूळ इले की मी परत भरून घेतंय." त्या माउलीपाशी बसून मी पोटभर रडले.

परतल्यावरच्या शुक्रवारी, कठड्याला टेकून मी त्याला सांगितलं, "आई आता दारापर्यंत येत नाहीत."

पलीकडचे दिवे धुक्यात विरघळत होते. त्याच्या हातातला चहा गार झाला. गाडीत बसल्यावर, त्या वळणाशी, तो म्हणाला, "घे ते कर्ज." त्याचे डोळे भरले होते. त्याच्यावर इतकं प्रेम मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.

मी सही केली. पुढच्या शुक्रवारी बेटावर गेलो तेव्हा पासपोर्टच्या त्या खिडक्यांकडे मी पहिल्यांदा घाबरून बघितलं. इतकी वर्षं त्याला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

बॅन उठला. विमानतळावर शिक्का बसला तरी हा खिडकीपाशी उभाच. मागे रांग. शेवटी आतला अधिकारी पुढे हो अशी खूण करत हसून म्हणाला, "यल्ला, यल्ला."

गावी पुढचं दार सताड उघडं होतं. शेजारणींनी सासूबाईंना खुर्चीत बसवून उंबऱ्याच्या आत आणलं होतं. उंबऱ्यावर तांदळाचं माप. माझे पाय मात्र सवयीने माडांकडे वळले.

"खय चललंस गो? तू हयच रव." मग त्यांनी मुलाकडे बघितलं. "रजा गावली रे एकदाची?"

त्याने मान खाली घातली. त्यांना सगळं ठाऊक होतं. बहुधा पहिल्या वर्षापासून.

"तू मागल्या दारान ये," त्या म्हणाल्या. "ती इतकी वर्सां त्या वाटेन इली. एक दिस तू ये."

तो बॅगा उचलून गेला. मी उन्हात उभी राहिले. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या अंधारातून तो आला, अनवाणी, केसांत कोळिष्टक, आणि आईच्या खुर्चीशेजारी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभा राहिला.

"आता ये गो बाय."

मी उजवा पाय लावला. तांदूळ त्याच्या पायांपर्यंत गेले. तो गोळा करायला वाकला, तर सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"ऱ्हवांदेत रे," त्या म्हणाल्या, "जरा वेळ ऱ्हवांदेत तशेच."