अंतोन मास्तर आणि दयेची दुसरी सात कामं

“माफी मांगली कोणं? आं? कोणं मांगली तुले माफी?” आमचे वामनदादा फाटकाच्या आतून ओरडत होते. अंगात बनियन, तोंडात अर्धा चावलेला घास, आणि आवाज असा की वैनगंगेच्या पलीकडच्या बांधांवरचे बगळे उडाले असतील. फाटकाबाहेर अंतोन मास्तर उभे. इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि चेहऱ्यावर ती त्यांची ठेवणीतली शांतता, जी आठवली की माझा हात आजही दगड शोधतो. “मागितली नाही हे खरं आहे,” मास्तर म्हणाले. “तुमच्या मागण्याची वाट पाहत बसलो तर मला वरून बोलावणं यायचं, वामनराव. म्हणून आपणहून द्यायला आलो. मी तुम्हाला क्षमा केली.” दादांनी हातातला तांब्या फेकला. तांब्या मास्तरांना चुकवून समोरच्या निंबाला लागला. तो निंब त्या वर्षी फुललाच नाही, असं मी लोकांना सांगतो.

गेल्या महिन्यात सकाळी सकाळी निरोप आला, अंतोन मास्तर झोपेतच गेले... आणि माझ्या डोळ्यांसमोर आला तो हाच तांब्या. मेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहावेत अशी रीत आहे. मला जमायचं नाही. मास्तर शेजारी होते, चाळीसेक वर्षं एका भिंतीचा संबंध होता, आणि त्यांतला एक दिवस मला हा माणूस आवडला असेल तर शपथ. बालाघाटात त्यांना चांगला माणूस म्हणत. चांगल्या माणसाच्या शेजारी राहून बघा म्हणजे कळेल.

मास्तर मूळचे अमरावतीकडचे, मराठी बोलणारे, कॅथलिक. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्यांनीच मला एकदा समजावून सांगितलं होतं की त्यांच्या धर्मात दयेची चौदा कामं आहेत. पहिली सात शरीराची. भुकेल्याला जेवू घाला, उघड्याला कपडा द्या, आजाऱ्याची विचारपूस करा. ही कामं मला पसंत आहेत. भुकेल्याला पोळी दिली की तो खाऊन गप्प बसतो, तुम्हीही मोकळे. दुसरी सात आत्म्याची. अडाण्याला शिकवा, गोंधळलेल्याला सल्ला द्या, चुकणाऱ्याला त्याची चूक दाखवा, दुःखी माणसाचं सांत्वन करा, अपराध्याला क्षमा करा, त्रास देणाऱ्याला सोसा, आणि जिवंत नि मेलेल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करा. मास्तरांना पहिल्या सातांत विशेष रस नव्हता, कारण पेन्शन बेताची. त्यांनी ही दुसरी सात धरली आणि बालाघाटला साडेसाती लागली.

दूधवाल्याला त्यांनी दुधातल्या पाण्याबद्दल एवढं ऐकवलं की त्या आठवड्यात आमच्या चहात चमचा उभा राहायचा. आठवडा संपला तसा दूधवाल्याने रस्ताच बदलला आणि अख्खी गल्ली काळा चहा पिऊ लागली. परसवाड्याच्या बसमध्ये कंडक्टरला ते म्हणाले, म्हातारी हात दाखवते आणि तुम्ही पुढे जाता हे देव पाहतो. कंडक्टर एवढा हादरला की त्या दिवशी त्याने प्रत्येक झाडाखाली बस थांबवली आणि आम्ही पोचलो तेव्हा बाजार उठला होता. माझी सासू वारली तेव्हा मास्तर सांत्वनाला येऊन बसले. मी दुःखात नव्हतो. पण त्यांच्यासमोर तसं दिसायला नको म्हणून दुपारभर तोंड पाडून बसावं लागलं, मान अवघडली. आणि माझं वैयक्तिक गाऱ्हाणं वेगळंच. मी चौकात लांजीच्या जंगलातली वाघाची गोष्ट सांगायला बसलो, लोकांचे डोळे विस्फारले, वाघ झेप घेणार, तेवढ्यात मागून आवाज यायचा, “मागच्या वेळी तुम्ही झाडावर होता.” सांगा, अशा माणसाला कोण रडेल?

आता दादांची गोष्ट. आमच्या मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधीची. माझे हे थोरले भाऊ तहसिलीतून निवृत्त झालेले, घरात त्यांचा शब्द म्हणजे सरकारी हुकूम. त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा. तिने जातीबाहेर लग्न केलं, किरनापूरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मुलाशी. दादांनी त्याच दुपारी विहिरीवर जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली. आमच्याकडे माणूस मेल्यावर करतात तशी, डोक्यावरून. ओल्या धोतराने अंगणात येऊन सांगितलं, “माही पोरगी मेली. या घरात तिचं नाव कोणी घ्याचं नाही.” वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. किरनापूर बालाघाटाहून किती दूर? बसमध्ये डुलकी लागावी न लागावी, तोवर येतं. पण वहिनींना ते चंद्रावर झालं. दुपारी किरनापूरची गाडी सुटायच्या वेळेला त्या ओसरीवर येऊन बसायच्या. तांदूळ निवडायला, असं म्हणत. एवढा निवडलेला तांदूळ हिंदुस्थानात दुसऱ्या घरी कोणी खाल्ला नसेल.

सगळ्या गल्लीला हे दिसत होतं, पण तोंड उघडलं ते मास्तरांनी. आणि कुठे? गणपतीच्या मांडवात, आरती संपून प्रसाद वाटताना, शंभर माणसांत. “वामनराव, सुनंदाला घरी कधी आणता?” दादांच्या हातातला प्रसाद खाली पडला. मी मास्तरांना बाजूला ओढून म्हटलं, “मास्तर, हे काय करून राह्यले तुम्ही? हे घरात बोलायचं.” तर म्हणे, “घरात दोनदा बोललो. चूक चारचौघांत झाली असेल तर चारचौघांतही दाखवावी लागते.” एवढ्याशा चुकीसाठी एवढी मोठी तोफ.

दादांनी सूड घेतला. मास्तर संध्याकाळी ओसरीवर गल्लीतल्या मुलांना गणित शिकवायचे. दादा पानठेल्यावर जाऊन एवढंच म्हणाले, “गणिताच्या नावाखाली पोरं बाटवून राह्यला मास्तर.” बस. तो काळच तसा होता, काडी लावायला वारा लागत नसे. चार दिवसांत ओसरी ओस पडली. एका संध्याकाळी काही जणांनी येऊन फळा तोडला, त्यात आमच्या गल्लीतले दोघे होते, ज्यांना बे एके बे मास्तरांनीच शिकवलं होतं. मास्तर तुटलेल्या फळ्याकडे बघत उभे होते आणि त्यांचे कान लालभडक झाले होते. मला वाटलं, आता हा माणूस आमच्यासारखा होणार, आता शिवी देणार. मी भिंतीवर हनुवटी टेकवून वाट पाहिली. त्यांनी तुकडे गोळा केले आणि आत गेले. आणि पुढच्याच रविवारी, चर्चमधून सुटल्यावर, सरळ आमच्या फाटकावर... तोच तो तांब्याचा रविवार.

त्यानंतर दर रविवारी. मी तुम्हाला क्षमा केली, सुनंदाला कधी आणता? एका दमात दोन्ही. दादा दार लावून घेत, रेडिओ मोठा करत, एकदा तर चक्क संडासात जाऊन बसले. मास्तर दाराला सांगून जायचे. मी एकदा विचारलं, “मास्तर, एकदा क्षमा केली ना, मग दर रविवारी काहून येता?” म्हणाले, “सोमवारपर्यंत टिकत नाही.” हे ते हसून बोलले नाहीत.

तर पुढे नोव्हेंबर आला. दोन तारखेला त्यांच्या लोकांत मेलेल्यांचा दिवस असतो. कबरी चुन्याने रंगवतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात, फादर पाणी शिंपडत फिरतो. आदल्या संध्याकाळी मास्तर फाटकावर आले. दादा खुर्चीत होते, मी पायरीवर, वहिनी आत. मास्तर म्हणाले, “वामनराव, तुम्हीच मला सांगितलंत सुनंदा मेली. इतके दिवस मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, ही माझी चूक. उद्या माझ्या बायकोच्या कबरीशेजारी सुनंदाच्या नावाची मेणबत्ती लावतो. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं माझं काम आहे.”

दादा म्हणाले, “लाव. मले काय?”

आत काहीतरी भांडं पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून दादांचं काही ठिकाणावर नव्हतं. चहा परत पाठवला. पेपर उलटा धरून वाचला. उन्हं उतरायला लागली तसे उठले, चपला घातल्या. “कुठं?” मी विचारलं. “फिरून येतो.” आयुष्यात हा माणूस कधी फिरायला गेला नव्हता. मी मागे निघालो. ते असे सुटले की कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत माझा दम गेला, आणि तिथे पाहतो तो दादा फाटकाशी अडलेले. आमच्या घराण्यात कोणी त्या जागेत पाय ठेवला नव्हता. आत मेणबत्त्याच मेणबत्त्या, लोक कुटुंबाकुटुंबाने उभे. मास्तर बायकोच्या कबरीशी. कबरीवर एक मेणबत्ती. आणि शेजारी ओंजळभर मातीचा उंचवटा, त्यावर एक झेंडू, एक छोटी मेणबत्ती. मास्तर वर्गात हजेरी घ्यावी तशा मोठ्या, सपाट आवाजात नावं घेत होते. बायकोचं घेतलं, आईबापांचं घेतलं. मग म्हणाले, “सुनंदा वामनराव.” आणि पुढे तिच्या आत्म्याला शांती मिळो म्हणणार...

“जिवंत आहे माही पोरगी.”

दादा ओरडले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो, कारण बाकी सगळं मी वाढवून सांगतो. ते कबरींमधून वाट काढत गेले, आणि ती मेणबत्ती त्यांनी फुंकली नाही, मुठीत धरली. जळती. केरळचे फादर धावत आले, हिंदीत विचारू लागले, “कौन गुज़र गया भाई?” दादा म्हणाले, “कोई नहीं।” मास्तर दादांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती शांतता पहिल्यांदाच कुठे गेली होती कोण जाणे. मला वाटतं ते घाबरले होते. दादांनी मेणाने भरलेली मूठ त्यांच्या नाकासमोर धरली. “पुन्हा तिचं नाव घेतलं तर तुहीच कबर खोदीन,” म्हणाले, आणि वळले.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सकाळी मी उठून पाहतो तर वहिनी पिशवी घेऊन अंगणात. पिशवीत निवडलेला तांदूळ. दादा हाताला चिंधी गुंडाळून खुर्चीत.

“कुठं निघाली?”

“किरनापूरले. पोरगी जिवंत आहे म्हणे.”

“कोण म्हणते?”

“तुम्ही. सगळ्यांसमोर.”

वहिनींनी चपला घातल्या. पहिल्या गाडीने गेल्या, तिसऱ्या दिवशी आल्या, आणि त्या दिवाळीला सुनंदा नवऱ्याला घेऊन घरी आली. दादा भिंतीकडे तोंड करून जेवले. पण जेवले. तिने वाढलेलं जेवले.

आता कोणाला वाटेल, चला, सगळं गोड झालं, दोघे म्हातारे गळ्यात पडले. छे. दादांनी मास्तरांना त्या मेणबत्तीबद्दल कधी माफ केलं नाही. जिवंत पोरीची कबर केली, हे त्यांच्या मते फाशीचं काम. आणि गंमत म्हणजे मास्तरांचंही मत तेच. मी छेडलं होतं त्यांना, “मास्तर, जिवंत माणसाची मेणबत्ती तुमच्यात चालते का हो?” म्हणाले, “नाही. पाप झालं. शनिवारी फादरला कबूल केलं.” “मग काय शिक्षा?” “महिनाभर वामनरावांसाठी प्रार्थना.” वर म्हणाले, “फादर कडक आहेत.” गणिताचा वर्ग पुन्हा भरला नाही. ओसरीवर मास्तर एकटे बसायचे, आणि रविवारी फाटकावर यायचे, आता फक्त पहिलं वाक्य घेऊन, कारण दुसऱ्याची गरज उरली नव्हती. दादा ते पेपरमागून ऐकायचे.

गेल्या महिन्यात मास्तरांना पोचवायला गल्ली गेली. दूधवाला आला होता. फळा तोडणाऱ्यांपैकी एक खांदा द्यायला पुढे होता, त्याला कोणी अडवलं नाही. सुनंदा किरनापूरहून आली, वहिनींचा हात धरून आत गेली, माती टाकली, आणि एवढी रडली की अनोळखी बायकांनी तिला मास्तरांची लेक समजून धरलं. दादाही आले होते. आता काठी लागते त्यांना. पण कब्रस्तानाच्या फाटकापाशीच थांबले, रस्त्यावर, उन्हात, सगळं उरकेपर्यंत. परत येताना रिक्षात मी म्हटलं, “दादा, एवढं आले तर आत काहून नाही आले?”

दादा रस्त्याकडे बघत म्हणाले, “मागं एकदा गेलतो.”