मार्था आजींचा भोपळा आणि आमची आयुधपूजा

बंगळूरला सर्जापूर रोडवरच्या आमच्या मेव्हण्याच्या टॉवरमध्ये सकाळी लिफ्टच्या चार-सहा फेऱ्यांत जेवढी माणसं खाली उतरतात, तेवढी आमच्या मुलीच्या गावाची एकूण लोकसंख्या आहे. गाव कॅनडात. आमची जान्हवी तिथे गुरांची डॉक्टर. गावात एक रस्ता, एक दुकान, एक पोस्ट आणि धान्य साठवायचा एक उंच लाकडी मनोरा. त्यापुढे काही नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही!

आम्ही बंगळूरच्याच जयनगरची माणसं. खिडकी उघडली की समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, एवढंच आमचं क्षितिज. इथे कापलेल्या गव्हाची खुंटं थेट आभाळापर्यंत गेलेली. पहिल्या सकाळी मी अंगणात उभा राहिलो तो उभाच राहिलो.

"अहो, तोंड मिटा स्वल्प," आमची ही म्हणाली. "माशी जाईल."

"अगं, केवढं हे!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मार्था आजींनी आम्हाला संग्रहालय दाखवलं. मार्था आजी गावातल्या सर्वांत वयस्क. आगगाडी येणं बंद झाल्यावर तिथल्या स्टेशनचं संग्रहालय झालं, आणि त्याची किल्ली त्यांच्या गळ्यात असते (कुलूप मात्र कधीच नसतं). त्यांची पणजी बैलगाडीतून या माळावर आली. झाड नाही, दगड नाही. मग तिने गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळं कापली आणि त्यांचंच घर रचलं. थंडीत बर्फ छपरापर्यंत चढला, तेव्हा गाय घरात घेतली आणि सगळे तिच्या उबेला झोपले. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. आणि येताना म्हणे पणजीने घागऱ्याच्या काठात... इथे मला जेटलॅगने गाठलं. बाकावर बसल्या बसल्या मी घोरू लागलो. (हिने तीनदा चिमटा काढला म्हणे.)

दोन दिवसांनी खंडेनवमी आली. माझी सगळी नोकरी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गेली. आयुधपूजेला आमच्याकडे लेथ मशीनसुद्धा झेंडूची माळ घालून नवरीसारखी बसते, आणि फाटकाशी कोहळा फुटल्याशिवाय कुणी घरी जात नाही. पूजा न करता गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे हेल्मेट न घालता निघण्यासारखंच (छे, त्याहून वाईट, हेल्मेट न घालता आम्ही निघतो!). आणि जान्हवीने तर नवाकोरा पिकअप ट्रक घेतलेला. कुठे गाय अडली की ही पोर बर्फातून एकटी निघणार, मैलोन् मैल माणूस नाही. ट्रकची पूजा झालीच पाहिजे, मी ठरवून टाकलं.

त्या सकाळी जान्हवी एका शेतकऱ्याबरोबर त्याच्याच गाडीतून गेली होती. ही आंघोळीला. लिंबं दुकानात मिळाली, कुंकू-कापूर हिच्या पिशवीत. कोहळा कुठून आणायचा? आणि एकदम लक्षात आलं, गावात घराघराच्या पायरीवर भोपळे मांडलेत!

"म्हणजे इथेही दृष्ट काढतात!" मला तर भरून आलं. माणूस सगळीकडे सारखाच हो!

आता कुणाच्या दारचा कसा उचलायचा? पण स्टेशनच्या पायरीवर, गवताच्या गादीवर, एक महाकाय भोपळा एकटाच बसला होता. सार्वजनिक जागा, अर्थात सार्वजनिक भोपळा! आमच्या लेआऊटच्या (म्हणजे कॉलनीच्या) असोसिएशनने ठेवावा, तसा. हातगाड्यावर घालून मी तो रुबाबात घेऊन आलो. वाटेत भेटलेल्या दोघांनी हात हलवला, मीही हलवला.

रस्त्यावर ट्रकसमोर अनवाणी उभा राहिलो. भोपळ्याला भोक पाडून आत कुंकू भरलं, वर मूठभर कापूर पेटवला आणि ते धूड कसंबसं उचलून ओवाळू लागलो. धुराचा लोट उठला. पोस्टातल्या बाईंना वाटलं, डॉक्टरीणबाईंचा ट्रक पेटला! त्यांनी आगीची वर्दी दिली.

तिसऱ्या फेरीला माझ्या डोक्यावरच्या खांबावरून सायरन असा कोकलला, की मी दोन्ही पाय उचलून किंचाळलो. भोपळा सुटला. रस्ताभर लालभडक!

मिनिटभरात लाल बंब हजर. बंबावर दुकानदार, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, पाद्री, सगळे हेल्मेट घालून (गावाचं अग्निशमन दल ते हेच). मागून उरलेलं गाव. पुढ्यात मी, अनवाणी, कोपरापर्यंत लाल.

"कुठे लागलं?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"मला नाही, भोपळ्याला," मी म्हणालो.

तेवढ्यात ओल्या केसांनी ही धावत आली आणि जागच्या जागी थबकली. "अय्यो! अहो, हा तोच भोपळा! पणजीच्या बियांचा! काठात शिवून आणलेल्या!"

"कुणाच्या काठात?"

"झोपा अजून संग्रहालयात!"

मग मला कळलं ते असं. पहिल्या वर्षी पणजीच्या भोपळ्याने अख्ख्या वस्तीला जगवलं. तेव्हापासून दर वर्षी सुगीच्या जेवणाला आजींच्या घरचा भोपळा कापतात आणि त्याच्या बिया घरोघर वाटतात. त्या वर्षी गारपिटीने सगळे वेल झोडपले. पायऱ्यांवरचे भोपळे बाहेरून विकत आणलेले, नुसते शोभेचे; पणजीच्या वाणाचा एवढा एकच वाचला होता, आणि जेवण त्याच संध्याकाळी होतं.

मार्था आजी काठी टेकत आल्या. मला वाटलं, हे गवत दुभंगावं आणि मला पोटात घ्यावं. पोरीने एवढ्या कष्टाने इथे पाय रोवले आणि बापाने एका सकाळीत गावाचा वंश बुडवला!

"सॉरी," मी पुटपुटलो. "मुलीची काळजी वाटली. हिवाळ्याचे रस्ते..."

आजींनी माझ्याकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं. "पणजीलाही हिवाळ्याचीच काळजी होती," त्या म्हणाल्या. मग काठी टाकून सावकाश खाली बसल्या आणि खडीतून बिया वेचू लागल्या.

त्यांच्या मागोमाग अख्खं गाव गुडघ्यांवर आलं. पाद्री हेल्मेटमध्ये बिया गोळा करत होता, पोस्टातल्या बाई चाकांखाली शिरल्या होत्या, पोरं कावळे हाकलत होती. आवाज चढवला नाही कुणीच. असं गाव मी जन्मात पाहिलं नव्हतं. मीही वेचत राहिलो आणि रडत राहिलो. बिया धुतल्या, वाळवल्या, पण कुंकवाचा लाल रंग काही जाईना. रुजतील की नाही, कुणालाच सांगता येईना.

तो हिवाळा मी जयनगरमध्ये तळमळून काढला. जान्हवीचा फोन आला की गुरांचं राहू दे, आधी बियांचं विचारायचो. पेरणीनंतर एकदा पोर ओरडलीच, "अण्णा, कोंब आले! घरोघरी आलेत!" मी हिला घेऊन तडक देवळात गेलो.

यंदा सुगीच्या जेवणाच्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. सारं गाव रस्त्यावर उभं. पुढे खुर्चीत मार्था आजी, मांडीवर भोपळा.

"बिया कधी इतक्या जोमाने रुजल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "म्हणून सुरी बंद. आता तुमच्याच पद्धतीने. आधी कापूर. मग तीनदा ओवाळायचं. मग सायरन, आणि सायरन झाला की दोन्ही पाय उचलून किंचाळायचं आणि भोपळा सोडायचा. बरोबर ना?"

मी हिच्याकडे पाहिलं. हिने पदर तोंडात कोंबला होता.

"सरी, अगदी बरोबर," मी गंभीरपणे म्हणालो. "आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच करतात."

सायरन वाजला, आणि ते अख्खं गाव, पाद्रीबुवांसकट, हुबेहूब माझ्यासारखं उडी मारून किंचाळलं.