नीनाकाकूंचा संगणक, आहे तसा

नाव : अवधूत खांबेटे. वय : त्रेचाळीस. मूळ गाव पुणे, हल्ली मुक्काम ब्रॅकनेल, इंग्लंड. काम : कंपनीचा डेटा सांभाळणे. कंपनीची बॅकअपविषयक नियमावली सदर इसमानेच लिहिली असून एकोणीस वर्षांच्या सेवेत त्याच्या हातून एकही फाइल गहाळ झाल्याची नोंद नाही.

हा सदर इसम मार्चमधल्या एका शनिवारी नॉटिंगहॅमला कमलाकरकाकांकडे गेला. काका त्याच्या वडिलांचे मित्र. दुरुस्तीचा संगणक त्यांच्या पत्नीचा, नीनाकाकूंचा; काकूंना जाऊन दीड वर्ष झालेलं. रविवारच्या मराठी शाळेसाठी काकूंनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेले एक्केचाळीस धडे त्यात होते, आणि काका रोज सकाळी चहाबरोबर एक ऐकायचे. पण मशीन इतकं थकलं होतं की धडा सुरू होईपर्यंत चहा गार.

"नवाच घेऊ या की, काका."

"नको रे. तिनं लावलंय ते तस्संच हवं. स्क्रीनवरचं एक चित्र हलता कामा नये."

"नाही हलणार. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलतो, डिस्क तीच. विंडोज परत टाकायचीसुद्धा गरज नाही."

"आधी कॉपीबिपी काढून ठेवायची का?"

ऑफिसात कुणी हे विचारलं असतं तर अवधूतनं त्याची पाठ थोपटली असती. इथं तो हसला. "डिस्कला हातच लावत नाहीये मी."

काम झकास झालं. काकांची मोडकी केटल टिपवर, म्हणजे गावाच्या कचरा डेपोत, टाकायची होती. अवधूतनं तिच्याबरोबर जुना मदरबोर्डही नेऊन टाकला. घरात पसारा नको. परत येऊन मशीन चालू केलं, तर निळा पडदा : अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली द्या.

डिस्कला हे कुलूप चार वर्षांपूर्वी त्यानंच घातलं होतं, सिक्युरिटी म्हणून. ते जुन्या बोर्डावरच्या चिपशी बांधलेलं. जादा किल्ली काकूंच्या ऑनलाइन खात्यात. आणि काकू गेल्यावर त्यांची सगळी खाती बंद करून देणाराही तोच. एका दुपारीत उरकलं होतं, फार नीटनेटकं.

"जरा येतो," म्हणून तो टिपवर धावला. कंटेनर उचलून नेला होता.

परतला तेव्हा काका ट्रे घेऊन उभे. "झालं? आज सदतिसावा आहे."

"अपडेट चालू आहे, काका. वेळ लागेल. बंद मात्र करू नका."

आता जून आहे. दर रविवारी फोन येतो आणि अवधूत तो बागेत जाऊन घेतो.

"मी बंद नाही केलेला हां. तू म्हणालास ना." काका जरा ओशाळल्यासारखे बोलतात. "पण तो आकडे मागतोय रे. तिची जन्मतारीख घालून पाहिली. लग्नाची पाहिली. माझ्याच हातून काही बिघडलं नाही ना?"

"नाही हो काका, तुमच्या हातून नाही."

"मग?"

"बघतो," अवधूत म्हणतो.

बॅकअप घेतलेला नव्हता.