टाळ्या माझ्या, बाबा रेवाचे

मंडळी, आज दुपारी हायडेलबर्गला दक्षिण आशियाई मुलामुलींचा ओपन माइक होता. मी आईवरची माझी कविता जर्मनमध्ये वाचली. घरातली पहिली पदवीधर ना मी, एकही चूक नको म्हणून महिनाभर घोटली होती. टाळ्या भरपूर मिळाल्या.

मग रेवा आली. ती इथेच जन्मलेली. बाबांच्या जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यावरची कविता ती अडखळत मराठीत वाचत होती. बाबा पहिल्याच रांगेत होते. ते मध्येच ओरडले, "अगं, ती सायकल माझी नव्हती, शेजाऱ्याची होती!"

"बाबा, थांबा ना! कविता माझी आहे."

"पण पडलो मी होतो!"

मराठी न कळणारेही हसले. मला मात्र इतका हेवा वाटला की नंतर चहा घेताना मी तिच्याशी धड बोललेही नाही.

माझी आई साताऱ्यात असते. तिला जर्मन येत नाही, म्हणूनच मी बिनधास्त लिहू शकले की ती एकटी पडलीय. आता तीच कविता मराठीत लिहायला बसलेय आणि पहिल्याच ओळीवर अडलेय.

उद्या फोनवर कविता ऐकताना जर तिने मध्येच विचारलं, "मी एकटी आहे हे तुला कुणी सांगितलं गं?" तर मी काय सांगू?